श्रेय कोणाच्या खात्यात?

महिनाअखेरीला डिजिटल मार्केटिंगच्या एजन्सीकडून व्यावसायिकाला एक रिपोर्ट येतो. पहिल्या पानावर वेबसाइटला भेट देणाऱ्यांचा आकडा आणि शेजारी वर जाणारा हिरवा बाण. पुढे गुगल, फेसबुक, इन्स्टाग्राम, ईमेल अशा वाटांनी किती जण आले याचं रंगीत वर्तुळ. शेवटी जाहिरातीवर घातलेल्या दर रुपयामागे किती रुपयांची विक्री झाली तो भागाकार. हा भागाकार पाच असतो, सहा असतो, कधी आठसुद्धा. तो पाहून माणूस खूश होतो आणि पुढच्या महिन्याचं बजेट वाढवतो. वर्षअखेरीला सीएने काढलेल्या हिशोबात मात्र उलाढाल जेमतेम गेल्या वर्षीएवढीच निघते.

रिपोर्टमधला एकही आकडा खोटा नसतो, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. माणसं आली, अमुक वाटेने आली, त्यांनी खरेदी केली, हे सगळं खरं. पण ती त्या जाहिरातीमुळे आली का, हा प्रश्न रिपोर्टला कोणी विचारलेलाच नसतो. तरीही वाचणारा उत्तर मिळाल्यासारखा पुढे जातो. माझं म्हणणं असं की वेबसाइटच्या ट्रॅफिकचा अभ्यास दोष शोधायला उत्तम आहे आणि श्रेय वाटायला अत्यंत वाईट. व्यवहारात त्याचा वापर बरोबर उलटा होतो. श्रेय वाटण्यात महिने जातात, दोष तसेच राहतात.

श्रेयाचा घोळ किती मोठा असू शकतो हे ईबेच्या प्रकरणात स्वच्छ दिसलं. ही अमेरिकन कंपनी तेव्हा शोधयंत्रांवर मोठ्या प्रमाणात जाहिराती घेत असे. कोणी ‘ईबे’ हे नाव घालून काही शोधलं की निकालांच्या वर ईबेची जाहिरात दिसे, आणि तिच्या जरा खाली ईबेचाच फुकटचा दुवा असे. लोक वरच्या ओळीवर क्लिक करत, कंपनी त्या क्लिकचे पैसे मोजी आणि झालेली विक्री जाहिरातीच्या नावावर चढे. बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन टाडेलिस त्या सुमारास ईबेच्या संशोधन विभागात होते. टॉमस ब्लेक आणि क्रिस नोस्को यांच्यासह त्यांनी हा प्रकार तपासायला घेतला. मार्च २०१२ मध्ये कंपनीने स्वतःच्या नावाच्या शब्दांवरच्या जाहिराती याहू आणि एमएसएनवर बंद केल्या. तुलनेला काही हवं म्हणून गुगलवरच्या चालू राहिल्या. जाहिरात गेल्याने जे क्लिक बुडायला हवे होते त्यांतले ९९.५ टक्के खालच्या फुकटच्या दुव्यावरून आले. दारात आलेल्या माणसाला आत घ्यायचे पैसे कंपनी देत होती.

यावर कोणीही म्हणेल की नावाने शोधणारा येणारच होता, त्यात काय नवल. म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. ज्या शोधशब्दांत कंपनीचं नाव नाही, नुसत्या वस्तूचं नाव आहे, त्यांवरच्या गुगल जाहिराती त्यांनी अमेरिकेतल्या सुमारे ३० टक्के बाजारविभागांत थांबवल्या आणि बाकीच्या विभागांशी विक्री ताडून पाहिली. फरक नगण्य निघाला. क्लिक आणि विक्रीची नेहमीसारखी सांगड घातली तर या जाहिरातींचा परतावा ४,००० टक्क्यांहून जास्त दिसत होता. प्रयोगातून आलेलं उत्तर होतं उणे ६३ टक्के. कंपनी तीच, जाहिराती त्याच. बदलला होता तो फक्त विचारलेला प्रश्न. हा अभ्यास २०१५ साली ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात छापून आला, आणि जाहिरातीच्या धंद्यातला जो तो आपापल्या सोयीने तो विसरला.

त्या अभ्यासातला एक धागा मला त्या उणे ६३ टक्क्यांपेक्षाही मोलाचा वाटतो. जे लोक ईबेवर नवे होते किंवा क्वचितच येत, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम झाला होता. पण बहुतेक पैसा खर्च होत होता तो नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या क्लिकवर. जाहिरातीवर सगळ्यात जास्त क्लिक करणारा माणूस आणि जाहिरातीची सगळ्यात कमी गरज असलेला माणूस एकच निघाला. ट्रॅफिकच्या रिपोर्टमध्ये हाच माणूस सर्वोत्तम ग्राहक म्हणून झळकतो.

याचं कारण मोजणीच्या रीतीत आहे. बहुतेक हिशोब शेवटच्या क्लिकला श्रेय देतात. दहीहंडीत वरच्या थरावरचा पोरगा हंडी फोडतो आणि फोटोत तोच येतो, तसं हे आहे. खालचे थर गृहीतच धरलेले. मार्चअखेरीला मुंबई-पुण्यात हापूसची चौकशी सुरू होते. समजा, दादरमधल्या एका घरात गेल्या वर्षी देवगडच्या एका बागायतदाराची पेटी आली होती आणि सगळ्यांना आंबा आवडला होता. यंदा मावशीने बहिणीला नाव सांगितलं. बहिणीने ते गुगलवर टाकलं, पहिली दिसली ती जाहिरात दाबली आणि दोन डझनांची ऑर्डर दिली. रिपोर्टात हे कन्व्हर्जन गुगलच्या जाहिरातीचं. मावशीला, गेल्या वर्षीच्या आंब्याला आणि पेटी नीट भरणाऱ्या गड्याला त्यात काही जागा नाही. रिटार्गेटिंगचं तर विचारूच नका. ज्याने टोपलीत माल टाकून ठेवला आहे आणि जो संध्याकाळी नवऱ्याला किंवा बायकोला विचारून पैसे भरणारच आहे, त्याच्या मागे दिवसभर जाहिरात लावायची आणि रात्री त्याने पैसे भरले की श्रेय घ्यायचं. हिशोबात ही सर्वांत फायद्याची जाहिरात ठरते, आणि ठरणारच.

इथे कोणी म्हणेल, सगळं श्रेय शेवटच्याला देऊ नका, वाटून द्या. तशी गणितं होती. पहिल्या क्लिकला सगळं, सर्वांना सारखं, जवळच्याला जास्त अशा वाटपाच्या रीती गुगल अॅनालिटिक्समध्ये बरीच वर्षं मिळत. २०२३ मध्ये त्या काढून टाकल्या. आता मुख्यतः उरला शेवटचा क्लिक, आणि दुसरं गुगलचं स्वतःचं ‘डेटाआधारित’ मॉडेल, ज्याच्या पोटात काय चाललं आहे ते तुम्हाआम्हाला दिसत नाही. पण ते दिसलं असतं तरी मूळ अडचण राहिलीच असती. श्रेय कसंही वाटा, वाटप आलेल्या माणसांतच होतं. जाहिरात नसती तर काय झालं असतं, याची नोंद कुठल्याच लॉगमध्ये नसते, कारण ते घडलेलंच नसतं.

मोजतो कोण, हेही एकदा पाहायला हवं. गुगलने २००५ साली सॅन दिएगोची उर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी तिचं साधन गुगल अॅनालिटिक्स म्हणून फुकट वाटायला सुरुवात केली. जाहिरात विकणाऱ्यानेच मोजपट्टी फुकट दिली आणि जगाने आनंदाने घेतली. छापील वर्तमानपत्रांच्या काळात असं चाललं नव्हतं. खपाचे आकडे प्रकाशकाच्या तोंडून ऐकायला जाहिरातदार तयार नव्हते, म्हणून आपल्याकडे १९४८ साली ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स उभा राहिला. त्यात प्रकाशक, जाहिरातदार आणि एजन्सी तिघेही होते. त्रयस्थ मोजणी असली म्हणजे सगळं निर्मळ, असंही नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीत फेरफार झाल्याचा आरोप केला तेव्हा टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे देणं थांबवलं, आणि ते पुन्हा सुरू व्हायला मार्च २०२२ उजाडला. पण तिथे निदान मोजणारा वेगळा होता, म्हणून भांडता आलं. स्वतःच मोजणाऱ्या फेसबुकने २०१६ मध्ये कबूल केलं की व्हिडिओ पाहण्याची सरासरी वेळ त्यांच्याकडून सुमारे दोन वर्षं फुगवून सांगितली गेली. तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना सरासरीतून वगळलं जात होतं. एका मोठ्या जाहिरात-समूहाला त्यांनी दिलेला फुगवट्याचा अंदाज साठ ते ऐंशी टक्क्यांचा होता. यात लबाडी होती असं मी म्हणत नाही. चूक नेमकी विक्रेत्याच्या फायद्याची असली की ती सापडायला दोन वर्षं लागतात, एवढंच.

आणि वाढता आकडा चांगला, हे तरी कुठे खरं? मायक्रोसॉफ्टच्या बिंगमध्ये रॉनी कोहावी आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला किस्सा आहे. एका प्रयोगात बिघाड झाला आणि काही लोकांना फारच भिकार शोधनिकाल दिसू लागले. त्या लोकांचं माणशी शोधांचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त वाढलं आणि माणशी उत्पन्न तीस टक्क्यांहून जास्त. हवं ते सापडेना म्हणून लोक पुन्हा पुन्हा शोधत होते, आणि खालचे निकाल निरुपयोगी असल्यामुळे जाहिराती दाबत होते. महिन्याच्या रिपोर्टात हे दोन्ही बाण हिरवे असते.

आपल्याकडच्या विक्रेत्याला आणखी एक अडचण आहे. त्याचा अर्धा बाजार या मोजपट्टीखाली येतच नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला दुवा दाबून कोणी आलं तर बहुधा मागचा पत्ता सोबत येत नाही. अॅनालिटिक्स त्या माणसाला ‘डायरेक्ट’च्या रकान्यात टाकतं, जणू त्याने वेबसाइटचा पत्ता पाठ करून टाइप केला. सोसायटीच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर जी शिफारस चालते आणि जिच्यावर आंबा, पैठणी, फराळ, मसाले यांचा धंदा खरोखर उभा आहे, ती अशी अनामिक होऊन जाते. मग रिपोर्ट पाहून सल्ला येतो की व्हॉट्सअॅपमधून काही येत नाही, इन्स्टाग्रामचं बजेट वाढवा. स्वतः पाठवायच्या दुव्याला यूटीएमची, म्हणजे कोणत्या वाटेने आलं ते सांगणारी, खूण जोडली तर थोडं दिसतं. लोक आपसात पाठवतात त्याचं काय करणार?

कॅश ऑन डिलिव्हरीची गोष्ट याहून कडू आहे. अॅनालिटिक्सच्या लेखी ऑर्डर दिली की विक्री झाली. दारात कुरिअरवाला उभा असताना घरात कोणी नसणं, असूनही नको म्हणणं आणि पार्सल परत येणं, हे सगळं नंतर घडतं. विक्रेते ज्याला आरटीओ म्हणतात ते हेच. परिवहन कार्यालयाशी त्याचा संबंध नाही, मनस्ताप मात्र तोच. येण्याचं भाडं, जाण्याचं भाडं आणि नाशवंत माल असेल तर मालही गेला. एखादी जाहिरात उठवळ गिऱ्हाईक गोळा करण्यात पटाईत असेल तर डॅशबोर्डवर ती पहिली येईल आणि गोदामात परत आलेल्या खोक्यांचा ढीग वाढेल. जाहिरात दाखवणारं यंत्र ‘ऑर्डर’ या घटनेवर शिकत असेल तर ते मन लावून अशीच माणसं आणखी शोधून आणील. म्हणून वेबसाइटचे आकडे पाहण्याआधी कुरिअरचा हिशोब त्यांना जोडून घ्यावा. हे काम किचकट आहे आणि एजन्सी ते आपण होऊन करत नाही.

इतकं झाल्यावर अॅनालिटिक्स बंदच करावं असं कोणाला वाटेल. मी उलट सांगेन. ते रोज उघडावं, पण दुसऱ्या कामासाठी. समजा, देवगडच्या त्या बागायतदाराच्या वेबसाइटवर मोबाइलवरून येणारे लोक पैसे भरण्याच्या पानापर्यंत पोहोचतात आणि तिथून गळतात, लॅपटॉपवाले मात्र गळत नाहीत. इथे श्रेयाचा वाद नाही. पान बिघडलेलं आहे. यूपीआय निवडल्यावर अॅपमधून परत येताना पान नव्याने सुरू होत असेल, पिनकोड टाकल्यावर ‘इथे सेवा नाही’ असं उत्तर येत असेल, पत्त्याच्या रकान्यात देवनागरी अक्षरं चालत नसतील. वेबसाइटवरच्या शोधपेटीत लोक काय टाकतात ते वाचणं तर फुकटची बाजारपाहणी आहे. ‘पायरी’ शोधणारे बरेच असतील आणि तुम्ही फक्त हापूस ठेवत असाल, तर हे कोणत्याही जाहिरातीपेक्षा किमती ज्ञान आहे. ‘पिकायला किती दिवस’ असं लोक विचारत असतील तर ते उत्तर किमतीच्या शेजारी लिहा. जीआय क्रमांक शोधणारे असतील, तर कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने गळ्यात मारला जाण्याची भीती त्यांच्या मनात आहे. २०१८ साली हापूसला मिळालेलं भौगोलिक मानांकन (जीआय) आणि त्याखालची आपली नोंदणी पहिल्याच पानावर दाखवा. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये लोक कोणत्या शब्दांनी तुमच्यापर्यंत येतात तेही दिसतं. ‘अल्फान्सो’ म्हणणारे आणि ‘हापूस’ म्हणणारे वेगवेगळ्या गोष्टी विचारतात, त्यांना वेगवेगळी पानं हवीत.

इथे एक सावधगिरी. जुन्या अॅनालिटिक्समध्ये एकच पान वाचून गेलेल्याचा वेळ शून्य धरला जाई, मग त्याने ते पान दहा मिनिटं वाचून फोन नंबर का टिपून घेतला असेना. जुलै २०२३ मध्ये जुनी आवृत्ती बंद पडली आणि जीए-फोरच उरलं. त्यात दहा सेकंदांहून जास्त थांबलेली भेट ‘गुंतलेली’ मानतात. त्यामुळे आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून ‘प्रगती’ दाखवणारा रिपोर्ट सरळ परत करावा.

मोठ्या कंपन्या दोन पानांची तुलना करून सुधारणा करतात, आणि त्यातून खरोखर घबाड मिळू शकतं. बिंगमध्येच २०१२ साली जाहिरातीचं शीर्षक लांबवायची एक क्षुल्लक वाटणारी कल्पना बरेच महिने पडून होती. करून पाहिल्यावर उत्पन्न १२ टक्क्यांनी वाढलं, एकट्या अमेरिकेत वर्षाला दहा कोटी डॉलरांहून जास्त. म्हणून छोट्या विक्रेत्यालाही ‘ए-बी टेस्ट करा’ असा सल्ला मिळतो. गणित करून पाहा. शंभरातले दोन जण खरेदी करतात आणि नव्या पानाने ते २.४ होतील अशी आशा आहे. हा फरक खरा की योगायोग, हे रूढ निकषांनी ठरवायचं तर प्रत्येक पानावर सुमारे २१ हजार माणसं यायला हवीत. जेमतेम दोन-अडीच महिन्यांच्या हंगामात ती आणायची कुठून? रँडल लुईस आणि जस्टिन राव यांनी २८ लाख डॉलरांच्या जाहिरातींवरचे २५ प्रयोग तपासले, तर तिथेही बऱ्याच वेळा फायद्याची जाहिरात आणि तोट्याची जाहिरात यांतला फरक खात्रीने सांगता येत नव्हता.

मग छोट्याने करायचं काय? जाहिरात थांबवून पाहायची. वरचं गणित बारीक फरकांसाठी आहे, पण एजन्सीचा दावा कुठे बारीक आहे? समजा, ती म्हणते की निम्म्या ऑर्डरी जाहिरातीमुळे येतात. तसं असेल तर जाहिरात थांबल्यावर ऑर्डरी निम्म्यावर यायला हव्यात, आणि निम्म्यावर आलेल्या ऑर्डरी ओळखायला सांख्यिकी लागत नाही. नाशिक आणि कोल्हापूर जिल्ह्यांत तीन आठवडे बंद, पुणे आणि सोलापुरात चालू. पुढच्या तीन आठवड्यांत अदलाबदल. अक्षय्य तृतीयेचा आठवडा मध्ये येत असेल तर तो बाजूला काढावा. उत्तर ढोबळ येईल, पण योग्य प्रश्नाचं येईल. प्रॉक्टर अँड गॅम्बलने २०१७ साली डिजिटल जाहिरातींतले सुमारे वीस कोटी डॉलर कापले आणि विक्रीवर आच आली नाही असं सांगितलं, तेव्हा त्यांनी मूलतः हेच केलं होतं.

ईबेचं उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही, हे मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. गुगलच्या संशोधकांनी २०११ मध्ये शेकडो जाहिरातदारांचे जाहिराती थांबवल्याच्या काळातले आकडे तपासले, तेव्हा जाहिरातीने आणलेले सरासरी ८९ टक्के क्लिक फुकटच्या दुव्यावरून भरून येत नाहीत असं त्यांना दिसलं होतं. अभ्यास विक्रेत्याचाच, आणि तो क्लिकपुरता आहे, विक्रीचा नाही. तरी तो उडवून लावता येणार नाही. ज्याचं नाव कोणाला ठाऊक नाही त्याच्यापर्यंत मावशी पोहोचत नाही, त्याला जाहिरात लागतेच. शिवाय तुमच्या नावावर प्रतिस्पर्ध्याने जाहिरात लावली तर तुमचा फुकटचा दुवा खाली ढकलला जातो. तेव्हा नावावरची जाहिरात ही खंडणी असली तरी कधी कधी भरावी लागते. कोणाला किती, ते ज्याने त्याने आपल्या बंद-चालूतून काढायचं. दुसऱ्याचं उत्तर उसनं घेऊन भागत नाही.

मोजणी उत्तरोत्तर धूसर होत चालली आहे. अॅपलने एप्रिल २०२१ मध्ये अॅपना माग काढण्यापूर्वी परवानगी घ्यायला लावली. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमती मागतो. मार्केटिंगवाले याला संकट म्हणतात. गेलं ते मुख्यतः श्रेय वाटण्याचं साहित्य. आपल्याच पानावर माणूस कुठे अडखळतो हे पाहायला त्याचा साऱ्या इंटरनेटभर माग काढावा लागत नाही, आणि नाशिकच्या ऑर्डरी कमी झाल्या का हे पाहायला वही पुरते.

राहिला एजन्सीचा प्रश्न. तिचं मानधन बहुतेकदा जाहिरातखर्चाच्या टक्केवारीत ठरतं. खर्च थांबवून पाहा असं ती सांगेल ही अपेक्षा करणं तिच्यावरच अन्याय आहे. करार करताना फी ठरावीक ठेवावी आणि हंगामातले बंदीचे आठवडे त्यातच लिहून घ्यावेत. त्या आठवड्यांतही फी पूर्ण द्यावी, म्हणजे थांबवण्यात तिचं नुकसान नाही. कोणते जिल्हे आधी बंद राहतील हे एजन्सीला निवडू देऊ नये, मालकानेही निवडू नये, कारण दोघांनाही मनातलं उत्तर आधीच ठाऊक असतं. जिल्ह्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात.